द वॉकिंग डेड : कुठवर आलात ते आधी सांगा (स्पॉयलरबद्दल, म्हणजे पुढचं आधीच सांगून टाकण्याबद्दल, चर्चा)

तिसरा_पहारा (धागाकर्ता)
खूण : कोणत्याही भागाचा तपशील नाही

माझी धाकटी बहीण दोन महिन्यांपूर्वी 'द वॉकिंग डेड' ही अमेरिकन झोंबी मालिका बघायला लागली. चार वर्षं मी तिच्या मागे लागलो होतो. रोज रात्री एक भाग, आणि तो संपला की मला फोन. त्या फोनची मी वाट बघायचो, कारण पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकताना आपल्यालाही ती मालिका पुन्हा कोरी करकरीत मिळते.

तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ऑफिसात जेवताना कुणीतरी तिला विचारलं, सध्या काय बघतेस? तिने नाव सांगितलं. समोरच्याने लगेच दोन पात्रांची नावं घेतली आणि म्हणाला, "ते दोघं मरतात तिथपर्यंत आलीस का?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट आपल्यासारखं कुणी भेटलं म्हणून तो खूश झाला होता. त्या रात्री मला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच केला, तर म्हणाली, "आता ती दोघं समोर आली की त्यांचं बोलणं माझ्या कानांत शिरतच नाही. हाच तो भाग का, एवढंच मनात चालू असतं." तिने मालिका सोडून दिली.

झोंबी मालिकेत मरण पावलोपावली असतं, मग कोण मेलं हे सांगितलं तर काय बिघडलं, असं बरेच जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. या मालिकेतले वॉकर, म्हणजे झोंबी, हळू चालतात, त्यांचा आवाज लांबून येतो, डोक्यावर घाव घातला की ते पडतात. चार भागांत आपल्याला त्यांची सवय होऊन जाते. भीती उरते ती शेकोटीभोवती बसलेल्या माणसांची. यातलं उद्या सकाळी कोण असेल हे रिकला माहीत नाही, कॅरोलला माहीत नाही आणि आपल्यालाही माहीत नाही. त्या माणसांच्यात आणि आपल्यात एवढी एकच गोष्ट सारखी आहे. शेवट आधी कळलेला माणूस त्या शेकोटीपासून उठून बाहेर जाऊन बसतो, आणि मग त्याला परत आत येता येत नाही.

म्हणून विनंती. प्रत्येकाने प्रतिसादाच्या पहिल्या ओळीत 'खूण' लिहा, म्हणजे कोणत्या सीझनपर्यंतचा तपशील खाली आहे ते कळेल. बाकी मोकळेपणाने बोला.

---

काजळरेघ
खूण : सीझन ५ च्या मध्यापर्यंत

पूर्ण सहमत. आणि ही चूक फक्त प्रेक्षकच करतात असंही नाही. ३० नोव्हेंबर २०१४ ला पाचव्या सीझनचा 'कोडा' हा भाग लागला. त्यात बेथ मरते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर भाग संपला आणि ही मालिका दाखवणाऱ्या एएमसी वाहिनीच्या, मालिकेसाठीच्या अधिकृत फेसबुक पानावर डॅरिल बेथला उचलून नेतोय असा फोटो आला, वर श्रद्धांजलीचे शब्द. पश्चिम किनाऱ्यावर घड्याळ तीन तास मागे असतं. तिथे भाग अजून दाखवायचा होता. लोक इतके संतापले की वाहिनीला माफी मागावी लागली.

मला त्या फोटोचा राग आला तो वेगळ्या कारणाने. त्या भागातलं सगळ्यांत मोठं दृश्य म्हणजे हॉस्पिटलच्या दारातून डॅरिल बाहेर येतो आणि समोर बेथची बहीण मॅगी असते. तो काही बोलत नाही, तिला काही विचारावं लागत नाही. तिला तिथे जे कळतं ते त्याच क्षणी आपण तिच्याबरोबर सोसायचं असतं. फोटोने नेमकं तेवढंच कापून हातात दिलं.

---

पानगळ
खूण : सीझन २, भाग ४ पर्यंत (मी तिथेच आहे!)

मी या मालिकेत अगदी नवी आहे. परवा दुसऱ्या सीझनचा चौथा भाग संपवला. वरची खूण वाचून एक प्रतिसाद डोळे मिटून ओलांडला, त्यामुळे धागाकर्त्यांचे आधीच आभार.

डॅरिल कॅरोलला चेरोकी रोझचं फूल आणून देतो आणि मुलं हरवलेल्या आयांची गोष्ट सांगतो, तिथे मी थांबले होते. कॅरोलची हरवलेली मुलगी सोफिया सापडेल असं मला मनापासून वाटतंय. मला काहीही सांगू नका. फक्त वाटतंय हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

---

तिसरा_पहारा
खूण : तपशील नाही

पानगळ, स्वागत. तुमच्यासारख्यांसाठीच हा धागा आहे. बघत राहा आणि जिथे असाल तिथून लिहा.

---

मध्यांतर
खूण : तपशील नाही

मी थोडा विरोधी सूर लावतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. १२ लघुकथा घेतल्या, काही वाचकांना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांनी कथांना जास्त गुण दिले. रहस्यकथांनासुद्धा. मला स्वतःला हा अनुभव नेहमी येतो. शेवट माहीत असला की मी निवांत होतो आणि अभिनय, कॅमेरा, लहानसहान इशारे दिसायला लागतात. मग आपण स्पॉयलरचा एवढा बाऊ का करतो?

---

उंबरठा
खूण : तपशील नाही

मध्यांतर, त्यानंतर २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांचा अभ्यास आला, त्याचा निष्कर्ष उलटा निघाला. आधी सांगितलेल्या कथा वाचकांना कमी रंगतदार वाटल्या, कमी गुंतवणाऱ्या वाटल्या. तेव्हा विज्ञानाने निकाल दिलाय असं म्हणता येत नाही.

आणि दोन्हीकडे छोट्या कथा होत्या. एका बैठकीत वाचून होणाऱ्या. द वॉकिंग डेडचे १७७ भाग आहेत, २०१० च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत ते चालले. या मालिकेतलं पात्र म्हणजे बारा वर्षांची ओळख असते. काही ओळखपाळख नसलेल्या माणसाची बातमी कळणं आणि बारा वर्षांच्या शेजाऱ्याची कळणं यांची मोजपट्टी एक कशी असेल? तुम्ही म्हणता ते लहानसहान इशारे दिसणं मलाही आवडतं, पण ते दुसऱ्यांदा बघताना मिळतं. दुसरी वेळ कधीही आणता येते. पहिली वेळ एकदाच.

---

शाईचा_डाग
खूण : सीझन ७ चा पहिला भाग, कॉमिकचा १०० वा अंक. पुढे गेला नसाल तर कृपया इथेच थांबा.

ही मालिका ज्यावर बेतली आहे ते कॉमिक मी वाचणारा. रॉबर्ट कर्कमनने ते २००३ साली सुरू केलं, पहिले सहा अंक टोनी मूरने काढले आणि पुढचे चार्ली अॅडलार्डने. १०० वा अंक जुलै २०१२ मध्ये आला. त्यात निगन हा खलनायक येतो आणि ग्लेनला मारतो. त्या वेळी मालिकेचे दोनच सीझन झाले होते. घरात मी, बायको आणि मेहुणा तिघं मिळून मालिका बघायचो आणि त्या दोघांचा सगळ्यांत लाडका माणूस ग्लेन.

चार वर्षं मी हे पोटात ठेवलं. ग्लेन आणि मॅगी एकत्र दिसले की बायको हसायची आणि मी स्वयंपाकघरात पाणी आणायला जायचो. ३ एप्रिल २०१६ ला सहावा सीझन संपला तो निगन बॅट उगारतो आणि कुणावर ते दाखवतच नाही अशा जागी. अकरा जण गुडघ्यांवर. पुढचा भाग २३ ऑक्टोबरला. साडेसहा महिने मेहुणा रोज नवा तर्क मांडायचा, "एब्राहमच असणार," आणि मी मान हलवायचो. तो भाग लागला तेव्हा आधी खरोखरच एब्राहम गेला. मेहुणा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ!" मला क्षणभर वाटलं, कथा बदलली, ग्लेन वाचला. आणि मग दुसरा घाव.

त्या रात्री बायकोने विचारलं, "तुला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सांगितलं नाहीस ते बरं केलंस." मला चार वर्षांचा मोबदला मिळाला. म्हणून सांगतो, माहीत असलेलं न सांगणं जमतं. फक्त कळ काढावी लागते.

---

दिवेलागण
खूण : सीझन ७ चा पहिला भाग

शाईचा_डाग, वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

त्याच काळातली एक गोष्ट जोडते. चित्रीकरण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात चालायचं, आणि कोणता कलाकार कोणत्या दिवशी सेटवर दिसला यावरून तर्क लावणारे चाहत्यांचे गट होते. त्यांतल्या 'द स्पॉइलिंग डेड फॅन्स' या गटाला एएमसीने जून २०१६ मध्ये वकिलाकरवी बजावलं की बळी कोण याचा अंदाज प्रसिद्ध केलात तर दावा लावू. तेव्हा यावर बरीच भांडणं झाली. माझं मत आजही तेच आहे. गुपित राखायची वाहिनीची इच्छा रास्त, पण चाहत्यांवर वकील सोडणं चूक. स्पॉयलर हा माणसामाणसांतल्या शिष्टाचाराचा मामला आहे आणि तो कोर्टाच्या धाकाने शिकवता येत नाही. शिवाय त्या गटात जाणारे सगळे स्वखुशीने जात होते. त्यांना जाणून घ्यायचं होतं.

---

ओलीवाळू
खूण : तपशील नाही

दिवेलागणच्या शेवटच्या वाक्यावरून लिहिते आहे. मी त्या जाणून घेणाऱ्यांपैकी आहे.

मी ही मालिका बघत होते त्या वर्षी आमच्या घरातलं एक लहान मूल गेलं. मालिका सोडवेना, कारण त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही आणि रिकची माणसं सोबतीला असायची. पण मुलांचं काही आलं असतं तर मला ते झेपलं नसतं. एका मैत्रिणीने सगळी मालिका पाहिली होती. प्रत्येक भागाआधी मी तिला एवढंच विचारायची, "आज लावू का?" ती "लाव" किंवा "आज नको, उद्या मी येते तेव्हा लावू" म्हणायची. कोण, काय, कसं, एक अक्षर तिने कधी सांगितलं नाही. जे भाग जड होते ते आम्ही दोघींनी शेजारी बसून पाहिले.

मी विचारलं होतं म्हणून तिने सांगितलं, आणि विचारलं तेवढंच सांगितलं. स्पॉयलर नको म्हणणाऱ्यांनी माझ्यासारख्यांनाही जागा ठेवावी.

---

तिसरा_पहारा
खूण : तपशील नाही

ओलीवाळू, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी मूळ लेखात ही बाजू धरलीच नव्हती. विचारणाऱ्याला हवं तेवढं सांगणं यात वावगं काहीच नाही. तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार कळवा.

---

गारवेल
खूण : तपशील नाही

पण किती दिवस? पहिला भाग ३१ ऑक्टोबर २०१० चा आहे. इतक्या वर्षांनंतरही आम्ही तोंडाला कुलूप लावून बसायचं का? जुनं झालं की ते सगळ्यांचं होतं असं माझं मत.

---

उंबरठा
खूण : तपशील नाही

गारवेल, बोला ना, भरपूर बोला. जिथे सगळ्यांनी पाहिलंय तिथे गुपित कसलं? पण पानगळ यांच्यासाठी पहिला भाग २०१० चा नाही, गेल्या महिन्याचा आहे. मालिका जुनी होते, बघणारा नवाच असतो. मुदत मोजायची तर ती प्रसारणाच्या तारखेपासून न मोजता समोरच्या माणसापासून मोजावी. त्याला फक्त तीन शब्द खर्च होतात : "कुठवर आलात तुम्ही?"

हल्ली हे विचारणं जास्त गरजेचं झालंय. द वॉकिंग डेड आठवड्याला एक भाग यायचा, त्यामुळे कोण कुठे आहे याचा सगळ्यांना अंदाज असायचा. आठवडाभर एकाच भागावर बोलणं व्हायचं. कोरियाची 'किंगडम' जानेवारी २०१९ मध्ये आली ती सहाही भाग एकदम घेऊन, 'ऑल ऑफ अस आर डेड' २०२२ मध्ये बाराही भाग एकदम. पहिल्याच सकाळी एकाचा दुसरा भाग चालू, दुसऱ्याचा शेवट झालेला. दोघं बोलणार काय? 'किंगडम'चा पहिला सीझन ज्या एका उलगड्यावर संपतो तो इतका सुरेख आहे, आणि मला तो एका छायाचित्राखालच्या ओळीत कळला. अजून हळहळ वाटते.

---

काजळरेघ
खूण : तपशील नाही

मला अर्धवट इशाऱ्यांबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते खरं नुकसान तिथे जास्त होतं. सरळ नाव घेऊन सांगणारे थोडे. पण "रुमाल घेऊन बस", "याच्यात फार जीव गुंतवू नकोस", "अजून तू काहीच पाहिलं नाहीस", "त्या भागाला आलीस की मला फोन कर" असं म्हणणारे खूप. त्यांना वाटतं आपण काही फोडलं नाही. पण "फार जीव गुंतवू नकोस" याचा दुसरा अर्थ काय निघतो? ऐकणारा त्या क्षणापासून पडद्याकडे संशयाने बघायला लागतो.

चेहऱ्यावरूनही कळतं. शेजारी बसून भाग न बघता बघणाऱ्याचा चेहरा बघत बसणारे लोक असतात. मी स्वतः नवऱ्याबरोबर असं केलं होतं. त्याने भाग थांबवून विचारलं, "आता काहीतरी होणार आहे ना?" त्या दिवसापासून मी त्याच्या पुढच्या बाजूला बसते, म्हणजे माझा चेहरा त्याला दिसत नाही.

---

खडूफळा
खूण : 'द लास्ट ऑफ अस', तपशील नाही

काजळरेघ यांना अनुमोदन. याबाबतीत मला 'द लास्ट ऑफ अस' हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं. पहिला खेळ २०१३ चा, दुसरा जून २०२० चा. दुसऱ्या खेळाचा मोठा भाग बाजारात येण्याच्या दोन महिने आधीच फुटला होता, त्यामुळे अनेकांचा विरस झाला. तरी एचबीओची मालिका जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हा खेळ खेळलेल्या माझ्या ओळखीच्या एकानेही तोंड उघडलं नाही. दुसरा सीझन २०२५ च्या एप्रिलमध्ये आला आणि [संपादित] बघताना मला कळलं की या सगळ्यांनी पाच वर्षं काय सांभाळून ठेवलं होतं.

(संपादन : इथे मी भागाचा क्रमांक लिहिला होता. दिवेलागण यांनी निरोप पाठवून लक्षात आणून दिलं की तोही इशाराच आहे. काढला. चूक मान्य.)

---

शाईचा_डाग
खूण : कॉमिकच्या शेवटाबद्दल, कथेचा तपशील नाही

गुपित राखण्याचा मी पाहिलेला सर्वांत सुंदर नमुना कर्कमनचाच. कॉमिक जुलै २०१९ मध्ये १९३ व्या अंकाला संपलं, आणि हा शेवटचा अंक आहे हे वाचकांना तो हातात आल्यावर कळलं. आधी काही घोषणा नाही. दुकानदारांच्या यादीत पुढच्या अंकांची मुखपृष्ठंसुद्धा दिली होती, जे अंक कधी निघणारच नव्हते. शेवटी त्याने लिहिलं होतं की आपल्या कथेत मरणं अचानक येतात, मग कथेचा शेवटही तसाच यायला हवा. मी ते पान वाचून तसाच बसून राहिलो. सोळा वर्षांचं कॉमिक होतं ते.

---

जुनीवाट
खूण : तपशील नाही

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात यूजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या चर्चागटांवर, लोक आधी 'स्पॉयलर' असं लिहून मग पानभर रिकाम्या ओळी सोडायचे, म्हणजे मजकूर बघायचा तर खाली जावंच लागायचं. किंवा रॉट-१३ वापरायचे, इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून. उलगडायला सोपं, पण चुकून वाचलं जाणं अशक्य. मला त्या पद्धतीत हेच आवडायचं. लपवलं कुणापासूनच नव्हतं, वाचायचं की नाही हे वाचणाऱ्याच्या हातात होतं.

---

पानगळ
खूण : सीझन २, भाग ७

पाहिला. आत्ताच संपला.

कोठाराचं दार उघडलं तेव्हा मला वाटत होतं की भांडण शेन आणि हर्शेलचं आहे. आतले वॉकर एकेक करून सगळे पडले, मला वाटलं संपलं. मग आतून एक बारीक आवाज आला.

मी चौथ्या भागानंतर इथे लिहिलं होतं की ती सापडेल. तुम्हा सगळ्यांना तेव्हा माहीत होतं. मी आत्ता सगळे प्रतिसाद पुन्हा वर जाऊन वाचले, फक्त माझ्यासाठी खूण ठीक आहे तेवढेच. कुणीही एक शब्द इकडेतिकडे लिहिला नव्हता. "स्वागत, बघत राहा," एवढंच. मला ती शेवटपर्यंत, अगदी दारातून पाऊल बाहेर पडेपर्यंत जिवंत वाटत होती.

कॅरोल धावते आणि डॅरिल तिला धरतो, तिथे मला ते फूल आठवलं.

---

तिसरा_पहारा
खूण : सीझन २, भाग ७

तुमचा चौथ्या भागाचा प्रतिसाद वाचला तेव्हा उत्तर लिहायला मला अर्धा तास लागला होता. चार वेळा लिहून खोडलं. प्रत्येक वाक्यातून काहीतरी सांडतंय असं वाटत होतं.

---

शाईचा_डाग
खूण : सीझन २, भाग ७, आणि कॉमिकमधली सोफिया (पानगळ, कॉमिक वाचायचं असेल तर हा प्रतिसाद सोडा)

मी तुम्हाला सांगतो, २७ नोव्हेंबर २०११ च्या या भागाने सगळ्यांत जास्त मला फसवलं होतं. कॉमिकमध्ये सोफिया जगते. त्यामुळे सात भाग मी अगदी निर्धास्त होतो. बायको रडवेली व्हायची आणि मी मनात म्हणायचो, सापडेल, मला माहीत आहे. रिक पुढे आला, पिस्तूल उचललं, आणि मला पहिल्यांदाच कळलं की या घरात बाकीचे दोघं कसे बसत होते.

---

पानगळ
खूण : सीझन २, भाग ७

शाईचा_डाग, तुमचा प्रतिसाद वाचला नाही. जपून ठेवा, मी येईन परत.

आठवा भाग उद्या रात्री लावते. हर्शेलबद्दल मला काहीतरी वाटतंय, पण ते बघून मगच लिहीन.